भवऱ्याची खांदशेकणी

शेखरच्या रागाची भातकुलीकडच्या त्या गावाला सवयच झाली होती. सकाळी मशीन सुरू झालं नाही तर राग, लवकर सुरू झालं तर फुकट डिझेल जळतं म्हणून राग. चहात साखर कमी पडली तर बायकोवर, जास्त पडली तरी तिच्यावरच. नत्थुजीच्या पोराच्या नाकावर माशी बसत नाही, बसलीच तर भाजून खाली पडते, असं लोक म्हणायचे. पण खरं सांगायचं तर त्याचा निम्मा राग अगदी रास्त होता. ज्यांच्यावर काढायचा ते कधी समोर येत नव्हते, म्हणून जो समोर सापडेल त्याच्यावर तो निघायचा.

या रागाचं मूळ होतं पांदण. शेखरचं घर शेतात. घरापासून डांबरी सडकेपर्यंत बैलगाडीची जुनी वाट, तीच पांदण, आणि तिच्या मधोमध नाला. सगळी जमीन काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात त्यात हात जातो, आणि पावसाळ्यात तिच्यात चप्पल गेली की चप्पल विसरायची, पाय तेवढा परत घ्यायचा. आणि याच पांदणीच्या तोंडाशी, सडकेच्या पलीकडच्या कडेला, एक लोखंडी फलक उभा होता. निळ्या रंगात, सुवाच्य अक्षरात: पांदण रस्त्याचं खडीकरण, काम पूर्ण. त्याखाली मान्यवरांची नावं. खडीचा एक दगड कोणी पाहिला नव्हता. फलक मात्र मजबूत होता, सिमेंटमध्ये पाय रोवून उभा होता. येता-जाता शेखर त्याच्याकडे बघून थुंकायचा. थुंकून थुंकून तोंड कोरडं पडेल, पण फलकाला काय त्याचं.

एवढंच असतं तरी त्यानं शिव्या देत दिवस काढले असते. पण त्याची माय, रुख्मिणी, तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. त्या खारपाण पट्ट्यात बोअरचं पाणी मचूळ, दर गल्लीत एखादा तरी या दुखण्याचा. आठवड्यातून दोनदा तिला अमरावतीला नेऊन डायलिसिस करावं लागे. एक पाळी चुकली की पाय सुजायचे, दोन चुकल्या तर काय होतं ते डॉक्टरनं स्वच्छ सांगून ठेवलं होतं. उन्हाळ्यात सागरचा ऑटो थेट दारात यायचा. पावसाळ्यात सडकेवरच उभा राहायचा, आणि दार ते सडक हा मधला तुकडा म्हणजे माउलीच्या जिवाचा प्रश्न होऊन बसायचा.

पहिल्या पावसाळ्यात नत्थुजींनी तिला बैलगाडीतून नेलं. खड्ड्यांत गाडी अशी आदळायची की सुई टोचून सुजलेला हात धरून ती बिचारी ओठ चावत बसायची. एकदा तिला वांती झाली, गाडीच्या कडेनं, सडकेवरच्या लोकांच्या देखत. त्या दिवशी शेखरनं बापाला ऐकवलं की यापुढे माय बैलगाडीत बसणार नाही, आपल्याकडं मशीन आहे.

मशीन म्हणजे छोटा लोडर, पुढं माती उचलायचं मोठं लोखंडी खोरं असलेला. शेखरची उमेदीची वर्षं अकोल्याच्या एका जिनिंगात सरकीचे ढीग ढकलण्यात गेली होती. तिथंच तो हे मशीन शिकला, आणि मग गावी येऊन त्यानं स्वतःचं घेतलं. गोठ्याचं शेण उचल, घराच्या पायाची माती काढ, बाजारातला कचरा भर, असली कामं. या लोडरला पुढची चाकं वळवावी लागत नाहीत. एका बाजूची दोन थांबवली आणि दुसऱ्या बाजूची दोन फिरवली की तो जागच्या जागी गरकन फिरतो. म्हणून गावानं त्याला भवरा म्हणायला सुरुवात केली.

पण नुसता टायर काळ्या गाऱ्यात, म्हणजे चिखलात, ओल्या साबणासारखा फिरतो, पुढं सरकत नाही. बर्फाच्या मुलखात चाकांना साखळ्या बांधतात हे शेखरनं मोबाइलवर पाहिलं होतं. आपल्याकडं बर्फ नाही, गारा तर आहे! तो अकोल्याला गेला. भंगार गल्लीतल्या दुकानदारानं त्याला ट्रकच्या साखळ्या गळ्यात मारल्या, वर शहाणपण शिकवलं की साखळी म्हणजे साखळी, कशालाही बांधा. या लोडरच्या टायर आणि अंगामध्ये जेमतेम दोन बोटांची फट. त्या जाड कड्या पहिल्याच फेरीत पत्र्याला घासल्या आणि आतली तेलाची नळी कापून मोकळ्या झाल्या. शेखर साखळ्या खांद्यावर टाकून पुन्हा अकोल्याला गेला आणि दुकानासमोर उभा राहून असा बोलला, असा बोलला, की शेजारच्या चहावाल्यानं गिऱ्हाइकांना जरा आत बसायला सांगितलं.

मग त्यानं अमरावतीत टायरवरचा आकडा दाखवून, फट मोजून, बारीक पण चिवट कड्यांच्या साखळ्या बनवून घेतल्या. शिडीसारख्या सरळ पट्ट्यांच्या नाही, जाळीदार. लोडर आडवा फिरतो तेव्हा शिडीची साखळी बाजूला घसरते, जाळी धरून ठेवते. आणि चारही चाकांना. लोक म्हणाले, मागच्या दोघांना बास आहेत. शेखर त्यांच्यावर खेकसला की खोरं रिकामं असलं की भार मागं असतो, भरलं की पुढं येतो, मग तुम्ही काय खोऱ्याला विचारून बांधणार?

त्या साखळ्यांचं तो जे करायचा ते त्यानं स्वतःच्या अंगाचंही कधी केलं नाही. कड्या अडकवायच्या आकड्यांची टोकं बाहेरच्या बाजूला, नाहीतर टायरात घुसतात. बांधून थोडं चालवायचं, थांबायचं, उतरून पुन्हा आवळायच्या, कारण पहिल्या फेरीत त्या ढिल्या पडतातच. संध्याकाळी गारा सुकायच्या आत मोटरच्या पाण्यानं धुवायच्या. झिजलेली कडी दिसली की बदलायची. आणि डांबरी सडकेवर साखळीचं एक पाऊलही टाकायचं नाही, सडक साखळी खाते आणि साखळी सडक खाते. हा त्याचा नियम होता. एकदा त्याच्या बायकोच्या, दीपमालाच्या, भावानं मौजेखातर भवरा सडकेवर नेला, तर पाहुण्याला शेखरनं जेवणाच्या ताटावर बसल्या बसल्या झाडलं. उन्हाळ्यात साखळ्या काढून, जळकं तेल चोपडून आड्याला टांगायच्या, आणि पावसाळ्यात बांधायच्या आधी रॉकेलच्या फडक्यानं कडी न् कडी कोरडी पुसायची.

नत्थुजी हे सगळं खाटेवरून बघत असायचे. तेल लावताना बघायचे. पुसायच्या वेळी मात्र बहुधा बैलांकडं गेलेले असायचे.

नत्थुजींची बैलजोडी म्हणजे हरण्या आणि चांद्या. पोळ्याच्या तोरणात पहिली जागा वर्षानुवर्षं त्यांचीच. घरी मशीन आल्यावर बैल कशाला पोसता, असं शेखर दर उन्हाळ्यात भांडायचा. नत्थुजी उठून बैलांना चारा टाकत. या माणसाला रागच यायचा नाही, आणि त्याचाच शेखरला सगळ्यात जास्त राग यायचा. शिवाय भवरा रुख्मिणीला सडकेपर्यंत पोचवायला लागल्यापासून म्हातारा त्यालाही गोठ्यातला तिसरा समजू लागला होता. खोऱ्यात गादी टाकून, मागं उशी लावून शेखर मायला बसवायचा आणि जमिनीपासून हातभर वर धरून अलगद न्यायचा. मले मुरूम समजला काय रे, म्हणून ती कुरकुरायची, पण हात दुखत नव्हता एवढं खरं.

या वर्षी पोळा नेमका तिच्या पाळीच्या दिवशी आला. आधीची पाळी नाल्याला पूर आल्यानं बुडाली होती. रुख्मिणीचे पाय सुजून टरटरले होते. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून ती रात्री बसूनच झोपत होती. दवाखान्यातून फोनवर बजावलं होतं की काही झालं तरी आज दुपारच्या आत आणा, ही चुकवू नका.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडं खांदशेकणी असते. वर्षभर ज्या खांद्यांनी जू वाहिलं ते गरम पाण्यानं शेकायचे, पळसाच्या पानानं त्यांना तूप-हळद चोळायची, आणि बैलाच्या कानात सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. पोळ्याच्या दिवशी मग बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही म्हणजे नाही. त्या संध्याकाळी शेखर भवऱ्यासाठी एक जादा तेलाची नळी आणायला अमरावतीला गेला होता. सकाळी पाहतो तर भवऱ्याच्या कपाळावर कुंकू, टायरांवर पिवळे डाग. बापानं पूजा केली असेल, हळदीचं पाणी शिंपडलं असेल, असं मनाशी चरफडत त्यानं पावसातच साखळ्या बांधल्या आणि मायला खोऱ्यात बसवलं. घाई इतकी की थोडं चालवून साखळ्या पुन्हा आवळायचा आपलाच नियम त्यानं सोडला. नत्थुजी छत्री घेऊन मागून चालत होते.

नाल्याच्या उतारापर्यंत सगळं ठीक गेलं. पलीकडचा चढ सुरू झाला आणि साखळ्या गाऱ्यात जागच्या जागी राहिल्या, टायर त्यांच्या आत गरागरा फिरायला लागले. शेखरनं मागं घेतलं, पुन्हा पुढं रेटलं. मागची एक साखळी निसटली आणि टायर अन् अंगामधल्या फटीत जाऊन कचकन अडकली. भवरा एका बाजूला कलला. शेखरनं खोरं झटकन खाली टेकवलं म्हणून माय सुखरूप राहिली.

तो उतरला. टायरावरून हात फिरवला. हात निसटला. बोटं नाकाशी नेली, तर साजूक तुपाचा वास.

"बाबा, टायराले काय लावलं?"

"तूप. आन हळद," नत्थुजी म्हणाले. "खांदशेकणी केली त्याची."

"टायराची?"

"जिथी वझं पडते थो खांदा. याचं वझं चाकावर पडते. तुह्या मायले वायते थो, मंग त्याचाच खांदा कोरडा ठेवू काय? तू बी तं तेल लावते साखळ्याले."

शेखरचं डोकं फिरलं. तेल टांगायच्या साखळीला लावतात, बांधायच्या नाही, लोखंडाला लावतात, रबराला नाही, आयुष्य गेलं बैलांच्या शेपट्या पिरगाळण्यात, अक्कल कुठून येणार, असं तो गुडघाभर गाऱ्यात उभा राहून ओरडत सुटला. नत्थुजी छत्री मायवर धरून ऐकत राहिले. ते ऐकत राहिले म्हणूनच शेखरच्या तोंडून ते शेवटचं निघालं.

"मायच्या जिवावर उठले तुमी."

"शेखर," रुख्मिणी खोऱ्यातून म्हणाली, "भांडण मंग कर. मले दम लागून राहिला."

नत्थुजींनी छत्री तिच्या हातात दिली आणि ते घराकडं वळले.

शेखरनं अंगातला सदरा काढून टायर पुसला. तूप पुसून जात नाही, पसरतं. साखळी ओढली, ती हलेना. गावातल्या ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला, तर सगळे बैल धुवायला गेलेले, कोणी उचलेना. खाटेवर न्यावं तर मायला आडवं होता येत नव्हतं. शेवटी त्यानं तिला पाठंगुळी घेतलं. पहिल्याच पावलाला पाय मांडीपर्यंत रुतला आणि दोघंही पडता पडता वाचले. तिला पुन्हा खोऱ्यात बसवून तो गाऱ्यावर बुक्क्या मारायला लागला. नाल्याला शिव्या, तुपाला शिव्या, फलकावरच्या एकेका नावाला शिव्या. आणि त्या सगळ्या शिव्यांमधून मायचा श्वास ऐकू येत होता. त्या आवाजाला तो भ्याला.

तेवढ्यात घुंगरं वाजली.

पांदणीतून बैलगाडी येत होती. हरण्या आणि चांद्या, शिंगं रंगवलेली, आणि तुपानं चकचकणाऱ्या मानांवर जू. नत्थुजी पुढं चालत होते. डोक्यावर टोपी नव्हती. ते उघड्या डोक्यानं फक्त मयतीला जायचे, हे शेखरला ठाऊक होतं.

"आज?" तो म्हणाला.

"आवतन म्या देल्लं, म्याच मोडतो," नत्थुजी म्हणाले. "तू मायले उचल."

गाडीत हातभर कडबा आणि त्यावर घरातल्या सगळ्या गाद्या होत्या. चढावर बैल गुडघ्यावर आले. नत्थुजींनी त्यांना काठी लावली नाही की आवाज चढवला नाही. दोघांच्या कानाशी तोंड नेऊन ते काहीतरी बोलत होते, आणि मागून शेखर चाकाला खांदा देऊन रेटत होता. गाडी सडकेला लागली तेव्हा बैल धुऊन आणणारी गावातली माणसं तिथंच उभी होती. सगळ्यांनी जुवाकडं पाहिलं. त्यातला एक जण म्हणालाच, की नत्थुजी, पोळ्याच्या दिवशी जू म्हणजे पाप हाय जी.

शेखर त्याच्या अंगावर धावून गेला नाही. त्यानं नुसता हात लांब करून निळ्या अक्षरांकडं दाखवलं.

"पाप तिथी लिवलं हाय. जाऊन वाचा."

सागरनं ऑटो असा हाकला की अमरावतीला वेळेत पोचले. दुपार कलल्यावर रुख्मिणीचा श्वास खाली बसला आणि तिनं पहिला प्रश्न विचारला, बैलांनी काही खाल्लं का. संध्याकाळी तिला गावातच पार्बताबाई मावशीकडं ठेवून शेखर घराकडं निघाला. मैदानात तोरण बांधलेलं होतं, ढोल वाजत होते. तोरणाखाली पहिल्या जागेवर दुसऱ्याच कोणाची जोडी उभी होती. शेखरनं सगळी रांग दोनदा पाहिली.

नत्थुजी गोठ्यात सापडले. गरम पाण्याची बादली, पळसाची पानं, तुपाची वाटी. पुन्हा पहिल्यापासून ते बैलांचे खांदे शेकत होते. हरण्याच्या मानेवर कातडं सोललं होतं.

"तोरणात नाही गेले?"

"ज्यानं आज जू वायलं थो तोरणात कसा उभा राहीन?" म्हातारा म्हणाला, उद्या पाऊस येईल म्हणावं तसा.

शेखरला भयंकर राग आला. पण या वेळी तो बापावर काढता येईना, आणि दुसरं कोणी तिथं नव्हतं. माफी मागायची त्या घरात रीत नव्हती. त्यानं एक पान उचललं, तुपात बुडवलं आणि चांद्याच्या खांद्यापाशी बसला. दीपमाला पुरणपोळीची ताटं घेऊन आली, तिनं दोघांना तसं बसलेलं पाहिलं आणि बैलांचं ताट आधी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर मिळाला आणि भवरा निघाला. शेखरनं धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यानं टायर घासले, साखळ्या रॉकेलनं पुसल्या, बांधल्या, थोडं चालवून थांबला, उतरून पुन्हा आवळल्या. नत्थुजी लांबून बघत होते. बऱ्याच वेळानं जवळ आले.

"मंग याचा खांदा कुठी हाय?"

शेखरच्या जिभेवर जुनंच उत्तर आलं होतं. ते त्यानं गिळलं. बापाचा हात धरून त्यानं लोडरच्या वरच्या बाजूला नेला, जिथं खोऱ्याचा दांडा अंगाला जोडलेला असतो त्या खिळीवर ठेवला, आणि हातात ग्रीसची पिचकारी दिली.

"इथी. सारं वझं हे उचलते. याले लावा, पाहिजे तेवढं लावा."

म्हाताऱ्यानं दाबलं. आधी जुनं काळं ग्रीस बाहेर आलं, मग नवं पिवळं. नत्थुजींनी ते बोटानं खिळीभोवती नीट सारवलं, तोंड जवळ नेलं आणि हळूच सांगितलं, आवतन घ्या.

मग शेखर भवऱ्यावर बसला आणि सरळ पांदणीच्या तोंडाशी गेला. डांबराच्या कडेशी येऊन थांबला. नियम त्याचाच होता. मागं वळून त्यानं बापाकडं पाहिलं, उघड्या डोक्याच्या. टोपी अजून डोक्यावर चढली नव्हती.

शेखरनं साखळ्या सडकेवर घातल्या. काय आवाज झाला तो! डांबराचे टवके उडाले, कड्यांचे कोपरे गेले. पलीकडं जाऊन त्यानं खोरं फलकाच्या मुळाशी घातलं आणि दांडा उचलला. भवऱ्याची मागची चाकं जमिनीवरून सुटतात की काय असं झालं, पण सिमेंटसकट, दोन्ही पायांसकट फलक वर आला. तो तसाच उचलून शेखरनं नाल्याच्या चढावर आणला, पाय तोडून टाकले, आणि पत्रा गाऱ्यावर पालथा नाही, उताणा घातला. अक्षरं वर. त्याच्या दोन्ही अंगांना दिवसभर मुरूम टाकला आणि दाबला. फलक कुठं गेला म्हणून कोणी विचारायला आलं नाही. कोणत्या तोंडानं येणार?

पुढच्या पाळीला माय खोऱ्यात बसली होती, नत्थुजी छत्री घेऊन मागं होते. चढावर साखळ्या लोखंडावर खणाखणा वाजल्या. भवरा घसरला नाही.

"कायचा आवाज हाय रे?" रुख्मिणीनं दचकून विचारलं.

"रस्त्याचा," शेखर म्हणाला. "पूर्ण झाला ना, माय."